तरसालीची वॅगन: स्थावर की जंगम

मी, निरुपमा दीनानाथ दिघे, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय पूर्वी शाळेत चित्रकला शिकवणे व हल्ली काही नाही, राहणार तरसाली, बडोदे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. दत्तात्रेय कर्णिक यांनी दिला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहून दिले नाही आणि मीही आग्रह धरला नाही. मला कोणी धाक दाखवलेला नाही की फूस लावलेली नाही. उलट दिवाळीपासून मला इतकी शांत झोप लागते आहे, की आता या कागदाला हात घालायला हरकत नाही असे वाटले. यापूर्वी मी केलेली मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती सगळी रागाच्या भरात लिहिलेली होती.

कलम १. नातेवाईक.
मला मूलबाळ नाही. माझे यजमान दीनानाथ रिफायनरीत केमिस्ट होते, ते १९९१ साली वारले. जवळचे म्हणावेत असे दोघेच: माझ्या दिरांचा मुलगा हेरंब आणि त्याची बायको कांचन. दोघे अलकापुरीत फ्लॅटमध्ये राहतात. हेरंब विमा कंपनीत आहे. कांचन घरी लोणची घालून विकते आणि तिचा धंदा हेरंबच्या नोकरीपेक्षा बरा चालतो, असे माझे मत आहे. ते मी दोघांसमोर बोलून दाखवले आहे.

कलम २. घर.
तरसालीचे घर व प्लॉट माझा नाही, म्हणून तो मी कोणाला देऊ शकत नाही. दीनानाथांनी आपल्या मृत्युपत्रात लिहिले होते, की सदर जागा व तीत जमिनीशी जोडलेले जे जे काही असेल ते पत्नीने हयातीपर्यंत उपभोगावे व तिच्या पश्चात ते पुतण्या हेरंब याचे व्हावे. याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. जागा दिघ्यांच्या पैशातून घेतलेली, ती दिघ्यांकडेच जावी. हेरंब घर पाडून तिथे फ्लॅट बांधणार आहे, हे त्याने माझ्या तोंडावर सांगितले, आणि मागून कळण्यापेक्षा ते मला बरे वाटले.

माझी तक्रार होती ती "जमिनीशी जोडलेले जे जे काही" या शब्दांबद्दल. हे शब्द दीनानाथांचे नव्हेत. ते त्यांच्या वकिलाने कुठल्या तरी जुन्या कागदावरून उचलून इथे घातले. विहीर, पंप, आंब्याची झाडे यांच्यासाठी असे शब्द असतात. आमच्या परसात विहीर नव्हती. आमच्या परसात रेल्वेची मालवाहू वॅगन होती.

कलम ३. वॅगनचा खुलासा.
ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. ही बडोदे संस्थानाच्या छोट्या लाईनवरची, म्हणजे अरुंद रुळांवरची, बंद वॅगन. खाली लोखंडी चौकट, वर सागवानी फळ्या, दोन्ही अंगांना दारे. १९६८ साली आमचे घर बांधायला काढले तेव्हा सिमेंटच्या गोण्या ठेवायला कोरडी जागा हवी होती, म्हणून दीनानाथांनी ती भंगाराच्या लिलावात घेतली. चाके आणि एक्सल रेल्वेने आधीच काढून घेतले होते. घर पूर्ण झाल्यावर ती विकायची असे ठरले होते.

त्या मे महिन्याच्या सुटीत मला काही काम नव्हते, म्हणून मी तिच्यावरचा चुना खरवडला. खालून संस्थानाची अक्षरे निघाली. मग मी मापे घेतली. मापांवरून नकाशा काढला. नकाशा काढताना प्रश्न पडला, की दार इतकेच रुंद का, फळ्या आडव्याच का, छपराला एवढाच बाक का. या प्रश्नांची उत्तरे शोधण्यात माझे उरलेले आयुष्य गेले आणि ते फार चांगले गेले. मी शाळेतल्या मुलींना फुलदाण्या काढायला शिकवायची आणि रविवारी डभोई, सावली, छोटा उदेपूर, जिथे म्हणून छोट्या लाईनची वॅगन उरली असेल असे कानावर येई तिथे जायची. दीनानाथ थर्मास घेऊन बरोबर यायचे आणि झाडाखाली पेपर वाचत बसायचे. बायकोला असला नाद आहे म्हणून रिफायनरीत त्यांची थट्टा होई. ते घरी येऊन मला ती सांगत आणि आम्ही दोघे हसत असू.

आता मुद्द्याचे. एका पावसाळ्यात वॅगनचा एक कोपरा चिखलात खचला. मी जेवेनाशी झाले. माझ्या वाढदिवसाला शाळेतून घरी आले, तर दीनानाथांनी गवंडी लावून वॅगनखाली विटांचा चौथरा बांधून घेतलेला, चारी बाजूंनी सिमेंट भरून ती पक्की बसवलेली. म्हणाले, "घ्या. आता ही कुठे जात नाही." इतके मोठे प्रेझेंट मला जन्मात कोणी दिले नव्हते. मी तिथेच मिस्त्रीसमोर रडले.

त्याच चौथऱ्याने पुढे घात केला. माझे वकील तात्यासाहेब सबनीस यांनी मला समजावले, की चुन्यासिमेंटात बसवलेली वस्तू ही जमिनीचाच भाग, म्हणजे स्थावर. नुसती टेकवून ठेवलेली असती तर जंगम ठरली असती आणि माझी मला देता आली असती. चौथऱ्यामुळे ती हेरंबची झाली. आणि हेरंबने ती हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला तोंडी कबूल केली होती. तो मध्ये कापून तिचे दोन भाग करणार होता, एकात गल्ला आणि एकात आइस्क्रीमचे फ्रीज. माझी मागची मृत्युपत्रे याच सुमाराची आहेत.

कलम ४. वॅगन माझी कशी झाली.
मी हेरंबकडे गेले. मी आजवर त्याच्याकडे काही मागितले नव्हते, त्यामुळे मला मागता येईना आणि त्याला समजेना. शेवटी कांचन म्हणाली, की काकू वॅगनचे बोलताहेत. हेरंब वाईट नाही. पण त्याला वाटत होते, की म्हातारीने एका भंगारासाठी आपला प्लॉट अडवून धरला आहे. तो थट्टेत म्हणाला, "काकू, जंगम म्हणजे हलते ती वस्तू ना? मग हलवून दाखवा. हलली तर तुमची, नाही हलली तर माझी." मी तात्यासाहेबांना सांगितले, त्यांनी ते दुसऱ्याच दिवशी त्याच्या सहीनिशी कागदावर घेतले. हेरंबला तेव्हा कळले, की थट्टा महागात पडणार.

वॅगन हलवायची तर चाके हवीत. छोट्या लाईनच्या चाकांच्या दोन जोड्या या जिल्ह्यात कुठे आहेत हे सांगू शकेल असे माणूस मीच होते. एक जोडी पाणीगेटच्या तालमीत. तिथले वस्ताद मल्हारराव ती दोराला बांधून पोरांकडून आखाड्यात ओढून घ्यायचे, मांड्यांना बळ यावे म्हणून. दुसरी सावलीला कांचनच्या माहेरी, गोठ्यात. तिला म्हशी बांधत. ती मी हेरंबच्या लग्नातच हेरली होती. नवरा-नवरी सप्तपदी चालत होते आणि मी गोठ्यात टेप लावून एक्सल मोजत होते. कांचनच्या आई मंदाताई ही गोष्ट अजून प्रत्येक कार्यात सांगतात. त्यांनी आता ती खुशाल सांगावी, माझी हरकत उरलेली नाही, कारण मागताक्षणी त्यांनी म्हशी सोडवून जोडी मोकळी करून दिली.

मल्हाररावांनी जरा ताणले. सिमेंट भरलेला ट्रकचा टायर बदली दिला तेव्हा कुठे तयार झाले, आणि तरीही आपल्या चाकांवर नजर ठेवायला स्वतः तरसालीला आले. स्प्रिंगा व एक्सलची घरे माझ्या नकाशावरून मकरपुऱ्यात बनवून घेतली. रूळ भंगारातून आणले.

मग चौथरा फोडायचा होता. मला ती पहिली पहार पाहवेना. आणि भीतीही होती, की इतकी वर्षे सिमेंटात दबलेली खालची लाकडे कुजली असतील आणि वॅगन उचलताच हातात भुगा येईल. मी आत जाऊन बसले आणि कानात बोटे घातली. थोड्या वेळाने मल्हारराव दारात आले आणि म्हणाले, की ताई, जरा येऊन बघा. पाहते तर चौथरा आणि वॅगन यांच्यामध्ये डांबरी कागदाचे थर, वर डांबर, कडेला चारी बाजूंनी पुन्हा कागद. सिमेंट वॅगनला कुठे शिवलेलेच नव्हते. दीनानाथ केमिस्ट होते, ओल कुठून चढते हे त्यांना माहीत होते, आणि मला त्यातले ते एका शब्दाने बोलले नव्हते. लाकूड ठणठणीत होते. तात्यासाहेबांना सांगितले तर ते पोट धरून हसले. म्हणाले, म्हणजे ती बसवलेली नव्हतीच, टेकवलेलीच होती, तुम्ही उगाच इतकी वर्षे झोप घालवलीत. मला त्या दिवशी दीनानाथांची फार आठवण आली.

राहिले हलवणे, कारण हेरंबच्या सहीच्या कागदात 'हलली तर' असेच लिहिलेले होते. दिवाळीनंतरच्या शनिवारी वॅगन जॅकवर उचलून चाकांवर ठेवली. रविवारी हेरंब हाताची घडी घालून उभा होता. तालमीच्या पोरांनी खांदे लावले. वॅगन हलली नाही. आणखी पोरे लागली, तरी नाही. मल्हारराव लाल झाले, पोरांना नाही नाही ते बोलले. आता ती कापली जाणार, असे मला दिसू लागले.

त्या गर्दीत रमाकांत पागे उभे होते. यांच्याविषयी कलम ६ मध्ये आहे. ते माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "निरुपमाबाई, ब्रेक."

हातब्रेक मीच बसवला होता. त्याशिवाय वॅगन वॅगन दिसत नाही, म्हणून जुन्या नकाशाबरहुकूम घडवून घेतला होता, आणि आदल्या दिवशी फोटोसाठी खाली दाबून खीळही मीच घातली होती. इतर कोणाच्या हातून ही चूक झाली नसती, कारण इतर कोणी ब्रेक बसवलाच नसता. मी खीळ काढली. हेरंबने हातातले घड्याळ काढून कांचनकडे दिले आणि पोरांच्या मध्ये घुसून स्वतः खांदा लावला. वॅगन निघाली, रुळाच्या टोकापर्यंत गेली, आणि थांबवली ती शेवटी मीच, त्याच ब्रेकने.

कलम ५. किरकोळ वस्तू.
(अ) माझे ड्रॉइंगचे साहित्य, टी-स्क्वेअर व कंपासपेटी माझ्या शाळेला द्यावी. कपाटात कुलूपबंद ठेवू नये, मुलींच्या हातात द्यावी.
(आ) वॅगनचे सर्व नकाशे व फोटो ज्या कोणाला पाहिजेत त्याने मागावेत व न्यावेत. एका पुस्तकात माझा एक नकाशा माझ्या नावाशिवाय छापलेला आहे. त्या गृहस्थांना मी माफ केलेले नाही, पण नकाशातील दाराचे माप त्यांनी छापताना चुकवले आहे, त्यामुळे मला पुष्कळ समाधान आहे.
(इ) बँकेतील ठेवीच्या व्याजातून दर नागपंचमीला पाणीगेटच्या तालमीत दूध व बदाम द्यावेत. मुद्दल हेरंबचे. त्याने हे बदाम स्वतः नेऊन द्यावेत, मनीऑर्डर करू नये.
(ई) रूळ हेरंबला. त्याला लागणार नाहीत, पण खांदा त्याने लावला होता.

कलम ६. रमाकांत पागे.
हे निवृत्त गार्ड व माझे या विषयातले जुने विरोधक. आमच्या वॅगनमध्ये मीठ भरत होते असे ते म्हणतात. मी म्हणते कापूस, आणि दाराची रुंदी कापसाच्या गासडीवरून ठरवली होती. यावरून आम्ही एकमेकांच्या घरी चहा पिणे सोडले होते. माझ्याकडे फळ्यांच्या फटीतून निघालेली सरकी आहे, एका लहान बाटलीत. ती बाटली रमाकांतरावांना द्यावी. त्यांना या मृत्युपत्रावर साक्षीदार व्हायचे होते, पण साक्षीदाराला काही मिळत नाही असे तात्यासाहेबांनी सांगताच त्यांनी साक्ष सोडली आणि बाटली धरली. त्या ब्रेकच्या वेळी ते गप्प राहिले असते तर कोणाला कळलेही नसते. आता ते दर गुरुवारी चहाला येतात आणि अजून मीठच म्हणतात.

कलम ७. वॅगन.
सदर वॅगन, चाके, ब्रेक व खिळीसह, मी माझी पुतणसून कांचन हेरंब दिघे हिला देत आहे.

याचे कारण लिहिणे भाग आहे, कारण लोक विचारतील की संग्रहालयाला का नाही. वॅगन हलली तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. कांचन मात्र आत चढली, दोन्ही दारे सताड उघडली, आणि आतूनच मला म्हणाली, "काकू, इथे हवा एकदम मस्त येते हं. माझ्या अथाणाच्या बरण्या इथे सरस राहतील, नाही?" तिच्या लोणच्याच्या बरण्या हल्ली फ्लॅटच्या जिन्यात असतात आणि शेजारी कटकट करतात. मला इतका राग आला, की मी आठवडाभर तिचा फोन घेतला नाही. संस्थानी वॅगन आणि त्यात कैरीचा छुंदा!

मग एका सकाळी मी जिल्हाभर पाहिलेल्या वॅगनी मनात ओळीने उभ्या केल्या. वाचलेल्या कोणत्या? एकीत कोंबड्या होत्या. एकीत रेशनचे गहू. एकीत देवीच्या जत्रेची भांडी. मेलेल्या कोणत्या? एका गावाने बागेत मानाने ठेवलेली, चंदेरी रंग फासलेली, भोवती साखळी. तिचे दार मी गेले तेव्हा गंजून बंद झालेले होते आणि छपरातून आकाश दिसत होते. कोंबडीवाल्याच्या छपराला भोक पडले की कोंबड्या भिजतात, म्हणून तो त्याच दिवशी पत्रा ठोकतो. साखळीतल्या वॅगनचे छप्पर गळले तर कोणाचे काही भिजत नाही. इतकी वर्षे मी या विषयाचा अभ्यास केला आणि हे माझ्या डोळ्यांसमोर असून मला कांचनने विचारेपर्यंत सुचले नव्हते.

अटी अशा. दार रोज उघडावे. छपराला गळती लागली तर बरण्या हलवण्याआधी छप्पर दुरुस्त करावे. फळ्यांना खिळे मारले तर चालतील, उभ्या खांबांना नकोत. चंदेरी रंग लावू नये. तेल सांडले तर हरकत नाही, सागवानाला तेल चांगलेच. कांचनला पुढेमागे वॅगन नकोशी झाली तर ज्याच्याकडे साठवायला काही आहे आणि जागा नाही, अशा माणसाला तिने ती द्यावी.

कलम ८. अंत्यविधी.
जो होईल तो होईल. भाषणे नकोत.

कलम ९. पुरवणी.
वरील सर्व लिहून झाल्यावर सह्यांसाठी दोन दिवस थांबावे लागले, कारण साक्षीदार अहल्याबाई मुलीकडे गेल्या होत्या. त्या दोन दिवसांत मी विचार केला, की कैरी एप्रिलमध्ये येते. कांचनने माझ्या मरणाची वाट पाहत जिन्यात बरण्या का ठेवाव्यात? मी तिला फोन केला. ती म्हणाली, की सावलीला बाबांना सांगते, गोठ्याशेजारची जागा मोकळी करतील.

आज सकाळी वॅगन ट्रेलरवर चढवून सावलीला नेली. हेरंब पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता आणि त्याला वळण कसे घ्यायचे ते शिकवत होता. त्यामुळे कलम ७ मध्ये देण्यासारखे आता काही उरलेले नाही. तात्यासाहेब म्हणतात ते खोडू नका, खाडाखोड दिसली की कोर्ट शंका घेते. म्हणून ते तसेच राहू दिले आहे. वाचणाऱ्याने ते वाचावे व सोडून द्यावे.

परसात आता नुसते रूळ आहेत. मी नसताना उन्हापावसात पडून कुजेल असे माझ्या मालकीचे आता काही नाही.

हे सर्व मी वाचून पाहिले, समजून घेतले, आणि पुढील दोघांच्या देखत सही केली. त्यांनीही माझ्या देखत केली.

निरुपमा दीनानाथ दिघे

साक्षीदार:
१. डॉ. दत्तात्रेय वामन कर्णिक, राहणार मांजलपूर, बडोदे.
२. अहल्या यशवंत राजे, शेजारीण, राहणार तरसाली, बडोदे.

स्थळ: तरसाली, बडोदे.
दिनांक: ९ फेब्रुवारी २००४.